एकाच डिस्कवर दोन सिस्टिम, की दोघींना वेगळी डिस्क?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणजे नव्या मशीनमधली सुरक्षेची सोय. तेव्हापासून आमच्या दारव्हा भागात जुन्या असेंबल्ड मशीनवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून पाहणारे वाढलेत. टाकतानाची अडचण कोणी सांगत नाही, येते ती नंतरची. "काऊन भाऊ, मशीन चालू काऊन नाही होऊन रायली?"

विंडोज पूर्ण काढून टाकणं बहुतेकांना जमत नाही. बोटाच्या ठशाचं मशीन, जुना प्रिंटर, कृतिदेव फाँटमधल्या फायली, काहीतरी अडतंच. मग दोन वाटा उरतात: आहे त्याच डिस्कचे भाग पाडून दोन्ही सिस्टिम ठेवायच्या, किंवा लिनक्ससाठी छोटी सॅटा एसएसडी (केबलने जोडायची वेगवान डिस्क) वेगळी लावायची. मी दोन्ही वापरल्या आहेत.

एका डिस्कच्या बाजूने बोलायचं तर खर्च शून्य. चालू करताच ग्रबची, म्हणजे लिनक्ससोबतच्या बूटलोडरची (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) यादी येते, बाण खाली-वर करून हवी ती सिस्टिम निवडायची. घरातल्या कोणालाही हे जमतं. सगळं सुरळीत असेल तर यापेक्षा सोपं काही नाही, हे मान्यच.

पण आमच्याकडे लाइन सांगून जात नाही. माझी मशीन एच६१ या जुन्या मदरबोर्डाची, लेगसी मोडमधली (जुन्या बूट पद्धतीची), म्हणजे डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेलं ग्रबच दोन्ही सिस्टिमचं दार उघडणार. लिनक्सचं अपडेट ग्रबपर्यंत आलं होतं आणि लाइन गेली. परत आली तेव्हा काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच. विंडोजच्या फायलींना धक्काही लागला नव्हता, पण तिथवर जायचा रस्ताच राहिला नव्हता.

दुरुस्ती तशी अवघड नाही. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जायचं, कमांड प्रॉम्प्टवर 'बूटरेक'ला 'फिक्सएमबीआर' सांगायचं की विंडोज परत येतं. यूईएफआय मशीन (नव्या बूट पद्धतीचं) असेल तर आधी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, 'विंडोज बूट मॅनेजर' यादीत वर घेऊन बघावं, बरेचदा तेवढ्यानेच भागतं. नाही तर त्याच कमांड प्रॉम्प्टवर 'बीसीडीबूट' चालवायचं.

खरा त्रास त्या पेन ड्राइव्हचा. तो बनवायला दुसरं चालू कॉम्प्युटर हवं आणि पाच जीबीच्या वरची फाइल हवी. मोबाइलचा पॅक रोज दीड जीबीचा, आणि गावात नेट म्हणजे तोच. म्हणजे तालुक्याला जा, ओळखीच्या दुकानात बसा, फाइल उतरेपर्यंत थांबा. इकडे माझ्याकडे पीकविम्याचे फॉर्म भरायला आलेली माणसं सातबारा हातात घेऊन परत जातात. एक सिस्टिम बिघडली म्हणून दुसरी चांगली असून बंद, हे मला पटलं नाही. माझा निर्णय तिथेच झाला.

वेगळ्या डिस्कमध्ये दोघींचे बूटलोडर वेगळे. लिनक्सचं काही झालं तर बूट मेनूतून विंडोजची डिस्क निवडायची आणि काम सुरू. त्या मेनूची कळ गिगाबाइट बोर्डाला एफ१२, असूसला एफ८, एमएसआयला एफ११. लिनक्स नकोच वाटलं तर केबल काढा, विंडोजला कळणारही नाही. तेच एका डिस्कवर लिनक्सचं पार्टिशन उडवलं, की पुढच्या वेळी ग्रबचा तोच काळा पडदा.

लावताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने करा: लिनक्स टाकत असताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. उबंटू या लिनक्सचा इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडूनही आपला बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडरसाठीच्या भागात) ठेवतो, असं बऱ्याच जणांकडे झालंय. तसं झालं तर वेगळ्या डिस्कचा फायदाच गेला. नव्या बोर्डावर एम.२ (थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) लावणार असाल तर मॅन्युअल बघा, काही बोर्डांवर त्यामुळे एखादा सॅटा पोर्ट बंद होतो.

वेगळ्या डिस्कने सगळं सुटतं असंही नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरला की बायोसचं सेटिंग मूळपदावर जातं आणि डिस्कचा क्रम उलटतो. काही जुन्या बोर्डांवर डिस्क जोडायची पद्धत एएचसीआयची आयडीई होते आणि विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. भिंतीचं बटण रोज बंद करत असाल तर सेल लवकर उतरतो. घड्याळाच्या दुकानात मिळतो, बदलून टाका. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट (फक्त ओळख पटलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या अनेक मशीनवर लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून थांबत होतं. तिथे वेगळी डिस्क असून उपयोग नव्हता. आणि विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे पडतं ते दोन्ही प्रकारांत. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की तेही थांबतं.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागाच नसेल, किंवा लिनक्स आठवडाभर नुसतं बघायचं असेल, तर पेन ड्राइव्हवरून चालवा, डिस्कला हात लावू नका. घरात चांगलं वायफाय आणि दुसरं कॉम्प्युटर असेल तर एका डिस्कवरही तुमचं निभेल, फक्त विंडोजचा पेन ड्राइव्ह आधी बनवून ठेवा. पण ज्याच्या मशीनसमोर रोज लोक बसून असतात, त्याने माझ्या मते वेगळी एसएसडीच घ्यावी. १२० किंवा १२८ जीबीची जुनी मिळाली तरी लिनक्सला पुरते. फक्त दुकानदाराकडून सॅटा केबल मागून घ्या, नुसत्या एसएसडीच्या डब्यात ती बहुतेक नसतेच.