देवदारी म्हणून घेतलेले पाइनचे टेबल

बंदरात उतरलेल्या मालाच्या पेट्या आणि पॅलेट मोडून त्यांच्या फळ्यांपासून फर्निचर बनवणाऱ्या, वास्कोजवळच्या एका छोट्या कारखान्यातून मी गेल्या डिसेंबरात लिहिण्याचे टेबल घेतले. चार फूट लांब, दोन फूट रुंद, एक खण, किंमत 6,500 रुपये. एक अख्खा पावसाळा त्यावर काढल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. मेस्ताच्या, म्हणजे सुताराच्या, हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सांधे घट्ट आहेत, टेबल डुगडुगत नाही आणि रंधा इतका स्वच्छ मारला आहे की फळीवरची वर्तुळे मोजता येतात. तक्रार आहे ती विकताना सांगितलेल्या दोन गोष्टींबद्दल.

पहिली गोष्ट म्हणजे हे लाकूड ‘देवदारी’ आहे. खोक्याच्या लाकडाला देवदारी म्हणण्याची आपली सवय जुनी असल्यामुळे यात फसवणुकीचा हेतू असेल असे मी म्हणणार नाही. पण खरा देवदार हिमालयातला, त्याचे आतले लाकूड तेलकट, सुगंधी आणि मुळातच टिकाऊ, म्हणून तर काश्मीरच्या हाउसबोटी त्याच्या बांधत आले. माझ्या टेबलाच्या खालच्या बाजूला एका फळीवर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह आणि न्यूझीलंडची दोन रोमन अक्षरे छापलेली सापडली, तेव्हा ती फळी बहुधा रेडिएटा पाइनची असावी. हे झाड मूळचे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे, पण न्यूझीलंडमध्ये त्याच्या प्रचंड लागवडी आहेत आणि तिथे ते साधारण 25 ते 30 वर्षांत तोडले जाते. देवदार आणि रेडिएटा दोन्ही पाइनच्याच कुळातले असले, तरी एवढ्या घाईने वाढलेल्या झाडात आतले पक्के लाकूड थोडे आणि रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचे कोवळे लाकूड, फार, त्यामुळे टिकाऊपणात त्यांची बरोबरी होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘भट्टीतून काढलेले लाकूड आहे, कीड लागणारच नाही,’ असे मला सांगण्यात आले. त्या शिक्क्यातली एचटी ही अक्षरे उष्णता दिल्याची खूण आहेत हे खरे. परंतु ती उष्णता कशासाठी असते, हे समजून घ्यायला हवे. उत्तर अमेरिकेतला, एक मिलिमीटर लांबीचा एक सूत्रकृमी तिथल्या पाइनांना सहसा फारसा त्रास देत नाही; मात्र जपानमध्ये पोहोचल्यावर त्याने तिथली पाइनची राने सुकवली. ही झाडे नेमकी याच कृमीमुळे मरतात, हे जपानी संशोधकांनी 1971 साली दाखवून दिले. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्याला लांब मिशांचे भुंगेरे नेतात. 1999 साली तो पोर्तुगालमध्ये सापडला, आणि गोव्यातल्या वाचकाला या नावाने कान टवकारावेसे वाटले तर नवल नाही. अशा पाहुण्यांचा एक मोठा मार्ग म्हणजे मालाच्या पेट्यांचे कच्चे लाकूड. म्हणून 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ठरला की फळीच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे राहिले पाहिजे. त्याने आत दडलेला जीव मरतो. नंतर बाहेरून येणाऱ्या वाळवीला किंवा बुरशीला अडवणारे काहीही त्या लाकडात उरत नाही.

हे माझ्या टेबलाने जुलैतच सिद्ध केले. ओलसर फरशीला टेकलेल्या दोन पायांवर निळसर-करडे डाग चढले. रसकाष्ठातल्या साखरेवर आणि पिष्टावर जगणाऱ्या बुरशीचे हे काम. तिने लाकडाची ताकद फारशी घटत नाही, रूप मात्र जाते. खण फुगून अडकला तो चतुर्थीनंतर सुटला. त्याआधी एप्रिलमध्ये खिडकीतल्या उन्हाने एका गाठीतून राळ पाझरली आणि माझी वही तिला चिकटली. टर्पेंटाइनने ती सहज पुसली गेली, आणि टर्पेंटाइन पाइनच्या राळेपासूनच निघते हे आठवून थोडे हसूही आले.

तरीही याच कारखान्यातून मी पुस्तकांची मांडणी करून घेत आहे, कारण या किमतीला सागवानाचा नुसता पाटही येणार नाही आणि घरात, कोरड्या जागी हे लाकूड चांगले काम देते. फक्त या वेळी फळ्या स्वतः निवडल्या. शिक्क्यावर एमबी असलेल्या, म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेल्या, दोन फळ्या बाजूला काढायला लावल्या; ज्यांच्यावर शिक्काच नव्हता त्याही नाकारल्या. उरलेल्या फळ्यांना पॉलिशआधी कीड-बुरशी रोखणारे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण पाजायला सांगितले आहे. रेडिएटाचे रसकाष्ठ असे द्रावण चटकन पिते, हा त्याचा मोठा गुण. मेस्ताने मान्य केले, पायांना खालून रबरी टोप्याही बसवून देतो म्हणाला, आणि दोन्हीचे मिळून 700 रुपये वेगळे लावले.