'गुड'च्या पुढे ॲट, इन की विथ?

फोंड्याला आमच्या शेजारची मुलगी हॉटेलातल्या नोकरीचा अर्ज दाखवायला आली. पहिलीच ओळ होती, 'आय ॲम गुड इन टॉकिंग टू गेस्ट्स.' 'इन' का, असं विचारलं तर म्हणाली, "काका, आपण 'बोलण्यात हुशार' म्हणतो ना!"

चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी, असं गोव्यात कितीतरी जणांचं शिक्षण होतं. मग मराठीचा प्रत्यय आधी सुचतो आणि त्याचंच इंग्रजी करून आपण मोकळे होतो. कधी ते जुळतं: 'च्यापासून वेगळा' म्हणजे डिफरंट फ्रॉम. पण त्या भरवशावर अर्ज लिहू नये.

'गुड'चंच बघा. कौशल्य सांगायचं तर 'ॲट': गुड ॲट कुकिंग. 'गुड इन मॅथ्स' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, तरी लिहिताना मी 'ॲट'च घेईन. माणसं सांभाळायची हातोटी असेल तर 'विथ': गुड विथ चिल्ड्रन. सोलकढी पोटाला चांगली, तिथे 'फॉर'. आणि 'ती माझ्याशी चांगली वागली' यातला 'शी' बघून 'विथ' लिहाल तर फसाल. तिथे 'शी वॉज गुड टू मी'. मुलीच्या वाक्यात नुसतं 'ॲट' घातलं असतं तरी व्याकरण सुधारलं असतं. पण हॉटेलवाल्याला पाहुण्यांशी जमवून घेणारी मुलगी हवी असते, म्हणून आम्ही 'गुड विथ गेस्ट्स' ठेवलं.

'रिस्पॉन्सिबल'लाही दोन वाटा आहेत. कामासाठी 'फॉर', ज्याला उत्तर द्यायचं त्या माणसासाठी 'टू'. बुकिंगसाठी फॉर, मॅनेजरला टू. अर्जात या दोघांची अदलाबदल झाली तर अर्थच उलटतो.

'अँग्री ऑन मी' ही चूक तर घरोघरी. मराठीत राग माणसावर येतो, कोकणीतही 'ताचेर' येतो. इंग्रजीत माणूस असेल तर 'विथ' आणि गोष्ट असेल तर 'अबाउट' घ्या. 'ॲट'ही चालतं, अमेरिकेत जास्त. 'डिफरंट'पुढे ब्रिटिश कधी 'टू' लावतात, अमेरिकन 'दॅन' लावतात, पण 'फ्रॉम'ला दोन्हीकडे कुणी हरकत घेत नाही, तेच धरा. 'मॅरीड'ला 'टू'. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' यांनाही 'टू'च. हे शब्द लॅटिनमधून येतानाच 'अधिक'पणा घेऊन आलेत, 'पेक्षा' आठवून 'दॅन' जोडू नका.

डिक्शनरी घ्यायची तर इंग्रजी-मराठी की इंग्रजी-इंग्रजी? अर्थासाठी पहिली पुरते. पण 'जबाबदार' एवढंच सांगून ती बऱ्याचदा थांबते. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या डिक्शनरीत विशेषणापुढे येणारं प्रीपोझिशन आणि वापराची वाक्यंही मिळतात. लिहिणाऱ्याला दुसरीच हवी.

अर्जाच्या शेवटी 'इंटरेस्टेड इन' तिने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, खात्री नव्हती म्हणून. नोकरीत रस, इंटरेस्टेड इन: इथे मराठी आणि इंग्रजी जुळत होती. तिने त्यावर पेन फिरवलं.