रेसचा तबेला, रायडिंग स्कूल की स्टड फार्म? कागद हातात नसताना घोड्यांचं काम

पुणे-मुंबई पट्ट्यात कसलंही प्रमाणपत्र नसलेल्याला घोड्यांचं पगारी काम मिळू शकतं ते मुख्यतः तीन ठिकाणी: रेसचा तबेला, रायडिंग स्कूल आणि स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास करणारं फार्म. माथेरान-महाबळेश्वर मी यात धरत नाही. तिथे घोडा बहुधा घरचाच असतो आणि माणूस ओळखीतून येतो. वरातीच्या घोड्यांचंही तसंच. तिन्हीकडे सुरुवात सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, म्हणून, लीद उचलण्यापासून. सुरुवातीच्या पगारातला फरक निर्णय फिरवण्याइतका मला तरी वाटला नाही.

माझा कौल स्टड फार्मला आहे, पण शिस्त शिकायची तर रेसच्या तबेल्याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. पहाटे चारच्या आसपास दिवस सुरू होतो. रात्री ठेवलेली चंदी (घोड्याचा दाणा) उष्टी राहिली आहे का, हे सगळ्यात आधी बघायचं, कारण तक्रार बहुतेक वेळा तिथूनच कळते. मग चारही पायांवरून हात फिरवायचा. पुढच्या पायाच्या मागची शीर गरम लागली किंवा किंचित भरलेली वाटली, तर घोडा ट्रॅकवर जायच्या आत जमादाराला, म्हणजे सईसांच्या मुकादमाला, सांगायचं. नंतर सांगून उपयोग नसतो. कसरतीहून आल्यावर वीस-तीस मिनिटं हाताने चालवून थंड करायचं, धुवायचं, खरारा करायचा. धापा टाकणाऱ्या घोड्यापुढे लगेच चंदी ठेवली तर पोटशूळ ओढवू शकतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटाचं दुखणं जिवावर बेततं. एका सईसाकडे साधारण दोन-तीन घोडे असतात. दुपारी सुट्टी, तीननंतर पुन्हा काम.

पुढे जायचे रस्ते दोन. रायडिंग बॉय, म्हणजे सकाळच्या कसरतीत घोडा पळवणारा, व्हायचं तर अंगाने हलकं असावं लागतं. पंचावन्न किलोच्या फार वर गेलात की तो रस्ता जवळपास बंद. दुसरा जमादारीचा, त्याला वर्षं लागतात.

पण माझ्या लेखी पारडं फिरतं ते बिऱ्हाडामुळे. पुण्याचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, मुंबईचा नोव्हेंबर ते एप्रिल. घोडे गाड्यांतून हलतात आणि सईसही त्यांच्याबरोबर हलतो. एकट्या पोराला याचं काही वाटणार नाही. पण घरी शाळेत जाणारं मूल असेल तर जूनमध्ये पुण्यात घातलेलं नाव नोव्हेंबरात कुठे न्यायचं? मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहाटे चारला हजर व्हायचं तर विरार-नालासोपाऱ्याहून लोकलने ते जमत नाही. म्हणजे तबेल्याजवळच्या खोलीत चार-पाच जणांत झोपायचं आणि बायका-मुलं गावी ठेवायची. कामाचा कंटाळा येऊन तबेला सोडणारे कमी असावेत, या ये-जा करण्याला विटून सोडणारेच जास्त, असा माझा समज आहे. काही ट्रेनर माणसांना एकाच शहरात ठेवतातही. विचारून बघायला हरकत नाही.

रायडिंग स्कूलबद्दल थोडक्यात. घोड्यावर बसायला मिळेल म्हणून लोक तिकडे जातात. प्रत्यक्षात नव्या माणसाच्या हाती घोडा धरून चालवायची दोरी येते आणि नवशिक्या मुलांना घेऊन वाळूत गोल गोल धावणं सुरू होतं. शनिवार-रविवार कधीच मोकळा नाही. ज्याला माणसांशी बोलायला आवडतं आणि पुढे शिकवायची इच्छा आहे, त्याने खुशाल जावं. तिथे निम्मं काम पालकांना सांभाळण्याचं आहे, एवढं मात्र धरून चालावं.

स्टड फार्मचं काम गावाच्या वेळेने चालतं आणि राहायची जागा बहुधा फार्मवरच मिळते. तळेगाव-वडगाव मावळ भागात नानोलीसारखे जुने फार्म आहेत. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि विते बहुतेक वेळा रात्री. त्यामुळे जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत रात्रपाळी चुकत नाही, हा इथला मोठा जाच. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसले की एक-दोन दिवसांत विण्याची शक्यता धरायची, पण काही घोड्या तेही न दाखवता वितात. शिंगरू (घोडीचं पिल्लू) तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत आचळाला लागलं पाहिजे आणि वार (विल्यानंतर बाहेर पडणारी झार) तीन तासांत पडली पाहिजे. यातलं काहीही लांबलं तर डॉक्टरांना उठवायचं. वार ओढायची नाही, ती आत तुटून राहिली तर घोडी जाते. पहिलं चिकाचं दूध वेळेवर पोटात गेलं नाही तर शिंगराला रोगाशी झुंजायची ताकदच मिळत नाही.

शिंगराला मोरकी (तोंडावर बांधायची दोरी) घालून घ्यायला शिकवणं, पाच-सहा महिन्यांनी आईपासून तोडणं, खूर उचलू द्यायची सवय लावणं, हे सगळं इथे सईसाच्याच हातून होतं. असं शिकलेला हात पुढे रेसच्या तबेल्यातही चालतो, उलटं मात्र तितकं सोपं नाही. वळू घोड्याजवळ नव्या माणसाला सोडत नाहीत, आणि सोडत असतील तर तो फार्म टाळलेला बरा. खोगीर मात्र इथे विसरा, आणि संध्याकाळी बाजार-सिनेमा हवा असेल तर करमणार नाही.

स्टड फार्मवर काम विचारायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावं, विण्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. सकाळी दहाच्या सुमारास, पहिलं काम उरकल्यावर. बायोडेटा कुणी वाचत नाही. एक घोडा पुढे करतील आणि खूर उचलायला सांगतील. खांद्याशी, शेपटीकडे तोंड करून उभं राहावं, हात खांद्यापासून पायावरून खाली न्यावा आणि खूर साफ करायचा आकडा टाचेकडून पुढे ओढावा. खुराच्या मधल्या खाचेत काळा, घाण वास मारणारा चिखल निघाला तर मोठ्याने सांगावं. ओल्या बिछान्यावर खूर कुजतो, हे तुम्हाला ठाऊक आहे एवढं त्यांना कळतं. दोरी धरताना ती मनगटाला गुंडाळू नये, घोडा बिथरला तर हात सोडवता येत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन जावं. आणि पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात: खोली कशी आहे, रात्रपाळीनंतर सकाळी सुट्टी मिळते का, आणि लाथ बसली तर दवाखान्याचा खर्च कोण देतं.