डिझाइनचा फायदा दाखवायचाय: एसयूएस-एनपीएसचा स्कोअर की ऑपरेशन्सचा एमआयएस?

मोठ्या कंपनीत डिझाइन टीम सांभाळणाऱ्याला बजेटच्या तोंडावर हा प्रश्न येतोच, की तुमच्यामुळे धंद्याला नेमका काय फायदा झाला. उत्तर द्यायचे दोन रस्ते मी वापरलेत आणि दोन्ही चालतात, पण सारखे नाही चालत. एक म्हणजे आपले स्वतःचे स्कोअर, एसयूएस (वापरायला किती सोपं वाटतं ते युजरलाच विचारून काढलेला), एनपीएस (दुसऱ्यांना सुचवाल का, या प्रश्नावरून काढलेला), फार तर गूगलवाल्यांचं हार्ट (युजरचा अनुभव मोजायची चौकट). दुसरा म्हणजे ऑपरेशन्सच्या, म्हणजे रोजचं कामकाज चालवणाऱ्या विभागाच्या, एमआयएसमधली (वरच्यांना नियमित जाणारा आकड्यांचा रिपोर्ट) खर्चाची एखादी ओळ पकडायची आणि ती खाली आणून दाखवायची. (मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या डिझाइनवरच्या २०१८ च्या रिपोर्टची स्लाइड मी यात धरत नाहीये. ३०० कंपन्या, पाच वर्षं, डिझाइनमध्ये वरच्या पाव भागात असलेल्यांची महसूलवाढ ३२ पर्सेंटेज पॉइंटने जास्त, हे सगळं खरं, पण ते दुसऱ्यांचं. शिवाय कोणीतरी हळूच म्हणतंच, की पैसेवाल्या कंपन्याच डिझाइनवर खर्च करतात ना, मग आधी काय आलं? दार उघडायला स्लाइड बरी, आत बसायला नाही.)

स्कोअरच्या बाजूने बोलायचं तर काम झटपट होतं, एसयूएसचे दहा प्रश्न, थोडे युजर, आठवडाभरात आकडा हातात. नवीन प्रॉडक्ट असेल तर दुसरा पर्याय जवळपास नसतोच, कारण खाली आणायला जुना खर्चच नाही. टीमलाही बरं वाटतं, आपण सुधारतोय हे दिसतं.

पण मला वैताग आणला तो एकाच गोष्टीने, दर रिव्ह्यूला तो आकडा पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो. एसयूएस शंभरपैकी असतो पण टक्के नसतात, आणि सरासरी ६८ च्या आसपास धरतात. आता हे बीकेसीतल्या एखाद्या मीटिंग रूममध्ये, जेवायच्या आधीच्या शेवटच्या दहा मिनिटांत, फायनान्सच्या साहेबांना सांगून बघा. आम्ही ६८ वरून ७४ वर आलो म्हणून खुशीत होतो तर साहेब म्हणाले, म्हणजे फर्स्ट क्लास, पण डिस्टिंक्शन हुकलं. सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी शांतपणे विचारलं, सहा पॉइंट म्हणजे किती रुपये? याला उत्तर नाही हो. पुढच्या वर्षी साहेब बदलले, नवीन मॅडम आल्या, परत पहिल्यापासून तीच शिकवणी. आणि आडून एक शंकाही असते, कोणी तोंडावर बोलत नाही इतकंच, की पेपर यांनीच काढला, तपासलाही यांनीच.

एमआयएसच्या आकड्याला हा त्रास नाही कारण तो आपला नसतोच. एका कॉलमागे किती खर्च येतो हे ऑपरेशन्सला पाठ असतं, व्हेंडरचं बिलच तसं येतं, आणि फायनान्सचा त्यावर आधीपासून विश्वास असतो. आपण फक्त म्हणायचं, या कारणाने येणारे कॉल आम्ही कमी करतो, मोजा तुम्हीच.

आमचं झालं ते केवायसीच्या स्क्रीनवर. आधारचा फोटो अपलोड केला की बऱ्याच जणांना ‘डॉक्युमेंट इनव्हॅलिड’ यायचं आणि माणूस घाबरून फोन करायचा, की माझं आधार बंद झालं का. ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये जाऊन एका पोराशेजारी हेडफोन लावून बसलो तेव्हा तो सहज म्हणाला, दादा, फोटो मोठा असला की हेच येतं, आम्ही सांगतो स्क्रीनशॉट काढून तो टाका. म्हणजे आधार धडधाकट, फाइल फक्त साइझच्या लिमिटच्या वर, आणि मेसेज हे सांगतच नव्हता. ॲपनेच फोटो लहान करायचा आणि मेसेज नीट लिहायचा, एवढंच काम. त्या कारणाचे कॉल उतरले ते ऑपरेशन्सच्या मॅडमनी स्वतःच्या स्लाइडवर दाखवले, मला तोंड उघडावं लागलं नाही.

आता यातही कटकटी आहेत, नाही असं नाही. कॉल सेंटरमधल्या पोरांना वेळेचं प्रेशर असतं म्हणून कॉलचं कारण टाकताना सरळ ‘अदर्स’ दाबतात, आणि ढिगाने कॉल ‘अदर्स’मध्ये असले तर तुमची सुधारणा दिसणार कुठून. जानेवारी ते मार्च टॅक्स सेव्हिंगची धांदल असते, त्यामुळे डिसेंबरशी तुलना करण्यात अर्थ नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. शिवाय त्याच महिन्यात ब्रँचने वेगळी मोहीम काढली तर श्रेय कोणाचं यावरून वाद ठरलेला, म्हणून जमलं तर काही ग्राहकांना थोडे दिवस जुनीच स्क्रीन ठेवायची, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. आणि या रस्त्याने फक्त वाचलेला पैसा दिसतो, लोकांना ॲप आवडायला लागलं हे त्यात कुठेच येत नाही.

प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं त्यामुळे ठासून सांगत नाही. तुमचे वरचे लोक प्रॉडक्टमधून आलेले असतील, त्यांना स्कोअर कळत असेल, तर एसयूएस पुरेल. पण बँक, इन्शुरन्स, टेलिकॉम असं काही असेल, जिथे शेवटी सगळं फायनान्सच्या टेबलावर जातं, तिथे मी तरी एमआयएसच घेईन आणि स्कोअर टीमपुरता ठेवीन. सुरुवात करताना आधी ऑपरेशन्सकडून कारणांची लिस्ट मागवा. ‘अदर्स’ सगळ्यात वर दिसलं तर रीडिझाइन थांबवा आणि पहिले ती लिस्ट नीट करून घ्या, नाहीतर आधीचा आकडाच हातात राहत नाही.