शिबिर की टोळीतलीच ताई?

वाळव्याच्या एका तरुण मंडळाने विचारलं: ऊसतोड टोळ्यांसाठी आरोग्य शिबिर घ्यावं, की टोळीतलीच एखादी बाई शिकवून तयार करावी? पैसे एकापुरतेच.

शिबिराचा खर्च एका दिवसात उडतो. मांडव, माईक, पाहुण्यांचे हार. ताईचं मानधन हंगामभर थोडं थोडं जातं, वर शिकवणाऱ्या नर्सबाईंचा वेळ.

खरी मेख पोहोचण्यात आहे. कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, पहाटे फडात जातं, अंधार पडता कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर येतं. दुपारच्या शिबिराला येणार कोण? मी पाहिलेल्या एका शिबिरात पुढच्या रांगेत मंडळाचेच कार्यकर्ते! ताई मात्र चुलीपाशी बसून जुलाबावरचं पाणी करून दाखवते: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाळीचं बोलणंही तिथेच निघतं, माईकवर नाही. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून गावच्याच बायकांना शिकवून हेच केलं. ते शिकायला परदेशातूनही लोक येत आले.

टिकण्यातही ताईच. हंगाम संपला की ती आपल्या गावी, बीडला परतते, शिकलेलं घेऊन.

हिमोग्लोबिन, रक्तदाब तपासायचा असेल तर शिबिरच घ्या. पण रात्री आठनंतर, कोप्यांवर. जुलाब, गरोदरपण, पाळी यांसाठी ताई.