गालाचे पॅड सोडले, तर हेल्मेट चांगलं आहे

‘सर, चीक पॅड कन्झ्युमेबलमध्ये येतात. वॉरंटी फक्त शेल आणि लायनरवर आहे.’ म्हणजे गालाचे पॅड झिजणाऱ्या वस्तूंत धरतात, वॉरंटी फक्त बाहेरच्या कवचावर आणि आतल्या थर्माकोलवर. एवढं लिहायला डिस्ट्रिब्यूटरला महिना लागला. बरं, वॉरंटी नाही तर नाही, विकत द्या म्हटलं. तर स्टॉक नाही, कधी येईल सांगता येत नाही. डोंगरात सायकल चालवायचं अठरा हजारांचं हेल्मेट, आणि अडलंय कशावर, तर गालाला लागणाऱ्या दोन गाद्यांवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून सुरू आहे आणि पॅड आलेच तर मला हवे आहेत.

फेब्रुवारीत घेतलं, आता डिसेंबर आहे. जात हलक्या फुलफेसची, म्हणजे हनुवटीही झाकणारी: फॉक्सचं प्रोफ्रेम किंवा आयएक्सएसचं ट्रिगर एफएफ ज्या पंगतीत बसतं ती. पाऊण किलोच्या आत-बाहेर. घरच्यांचं म्हणणं होतं की स्कूटरचं हेल्मेट आहे ना, तेच घाल. ते घालून नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा चढ सायकलवर एकदा चढून बघा म्हणजे उत्तर मिळेल. मोटोक्रॉसचं, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या मोटरसायकल शर्यतीचं, स्वस्तात मिळतं, पण ते सव्वा-दीड किलोचं, आणि त्यात हवा खेळायची सोय मोटरसायकलच्या वेगाला धरून केलेली असते. घेताना आतलं स्टिकर वाचा. नुसतं ईएन १०७८ (सायकल हेल्मेटचं युरोपीय मानक) असेल तर हनुवटीच्या पट्टीची चाचणी झालीच आहे असं समजू नका, त्या मानकात ती नाही. एएसटीएम एफ१९५२ या डाउनहिल सायकलिंगच्या अमेरिकी मानकात आहे. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

आता हवेबद्दल. जाहिरातीत भोकं मोजून सांगतात, त्या आकड्याला काही अर्थ नाही. उतारावर तीसच्या वेगाने जाताना कुठलंही हेल्मेट गारच वाटतं. खरी परीक्षा चढावर, वेग सात-आठ आणि वारा शून्य. तिथे दोनच गोष्टी कामाला येतात. एक, तोंड आणि हनुवटीची पट्टी यांच्यात अंतर किती, कारण ते कमी असलं की आपलाच गरम श्वास परत नाकात. दुसरी, कपाळ आणि लायनर यांच्यात मोकळी फट आहे की नाही. माझ्यात भुवईच्या वर बोट सरळ आत जातं, आणि तिथून मागच्या भोकांपर्यंत खाच कोरलेली आहे. मिप्सवालं (तिरक्या धक्क्यासाठी आत सरकता थर असलेलं) घेणार असाल तर आतला पिवळा थर भोकांवरच आडवा आलाय का, तेही बोट घालून बघून घ्या.

मे महिन्यात मी या हेल्मेटवर बेहद्द खूश होतो. नवतप्यात सकाळी सातलाच ऊन भाजायला लागतं, तरी गोरेवाड्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर डोकं जागेवर होतं. ग्रुपमधल्या दोघांना मीच हे घ्यायला लावलं. मग जुलै लागला आणि तेच हेल्मेट, तोच चढ, तापमान पंधरा अंशांनी कमी, तरी आत उकडायला लागलं. हे कोडं नागपूरच्या माणसाला समजवावं लागत नाही, आपला कूलर मेमध्ये खोली गार करतो आणि पावसाळ्यात नुसती दमट हवा फेकतो, तेच. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली तरी कोरडी असेल तर घाम उडतो आणि डोकं गार राहतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर कितीही भोकं पाडा, घाम जागचा हलत नाही. तेव्हा युरोपातल्या थंड डोंगरात केलेले व्हेंटिलेशनचे रिव्ह्यू वाचून फार हुरळू नका.

आणि जागचा न हललेला घाम जातो कुठे? गालाच्या पॅडमध्ये.

मेमध्ये पॅड काढून गॅलरीत ठेवले की तासाभरात कडक. ऑगस्टमध्ये रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी दाबले की ओले. वास असा की आईने हेल्मेटला गॅलरीच्या अलीकडे यायची बंदी घातली. कापडावर मिठाचे पांढरे नकाशे उठलेले. रोज काढा, धुवा, लावा, यात सप्टेंबरात उजव्या पॅडचं टिचबटण कापडासकट निघून आलं. जवळून पाहिलं तर बटणामागे चार आण्याएवढी पातळ प्लास्टिकची चकती, तिला ना शिलाई ना दुसरा थर, नुसती चिकटवलेली. ज्यांनी शेलवर एवढी अक्कल खर्च केली त्यांनी इथे काय पैसे वाचवले? पॅड निघाला की हेल्मेट गालावर हलतं, आणि हलणारं फुलफेस घालून चिखलदऱ्याच्या बाजूच्या गोट्यांच्या उतारावर जाणं म्हणजे न घातल्यात जमा.

शेवटी इतवारीतल्या एका सीट कव्हरवाल्याकडे गेलो. त्याने पॅड हातात घेतला, वास घेतला, नाक मुरडलं. ‘भाऊ, हे बटन असं काऊन लावलं त्यानं? उद्या या.’ उन्हाळ्यात स्कूटरच्या सीटवर टाकतात ना, ती जाळीदार मधमाश्यांच्या पोळ्यासारखी शीट, तेच कापड त्याने वापरलं. आत सोफ्याचा मऊ फोम घालू नका एवढंच मी बजावलं, कारण तो दबला की फिट गेला. जुन्या पॅडच्या जाडीचाच घट्ट फोम, बटणामागे रेक्झिनचा थर, चारी बाजूंनी शिलाई. दोन्ही गालांचे मिळून १८० रुपये. ते रात्रीतून वाळतात, आणि बटण अजून हललेलं नाही. गाल थोडा टोचतो, दाढी वाढलेली असली की जास्त. मात्र हे फक्त काढता येणाऱ्या मऊ पॅडपुरतं. लायनरच्या थर्माकोलला कुणाला कात्री लावू देऊ नका, आणि चिकटवायचं सोल्युशन तर त्याच्या जवळही नेऊ नका, थर्माकोल विरघळतो.

आणखी एक गोष्ट कुठल्याच रिव्ह्यूत वाचली नव्हती. बक्कल चुंबकाचं आहे, ग्लोव्ह्ज घालून एका हाताने लागतं, मजा येते. पण आपल्याकडचा काळा दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे उतारावरची बारीक काळी रेती चुंबकाला दाढीसारखी लगडते. मग बक्कल बसल्याचा आवाज येतो, पण पूर्ण बसत नाही. ओढून बघायची सवय लावा. जुना टूथब्रश पुरतो.

व्हायझर, रंग, सोबतची पिशवी याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चष्मा लावत असाल तर दुकानात चष्म्यासकट घालून बघा, काड्या पॅडखाली दबतात.

तरी हेच घ्यावं का? मेमधल्या माझ्याने डोळे झाकून हो म्हटलं असतं. आता म्हणेन, घ्या, पण बिल करायच्या आधी सुट्या पॅडची किंमत विचारा आणि एक जोड तेव्हाच घ्या. दुकानदार ‘मागवू, मागवू’ म्हणाला तर दुसरं मॉडेल बघा.

सध्या उलटी तक्रार आहे. पहाटे पारा दहा-बाराला येतोय आणि ज्या फटीचं वर कौतुक केलं तिच्यातून कपाळावर गार हवेचा झोत बसतो. जाड कानटोपी आत घालू नका, पॅड फाकतात आणि हेल्मेट वर उचललं जातं. पातळ बफ (डोक्यावर चढवायची कापडी नळी) पुरतो, आणि मान झाकायला वेगळा रुमाल.