तिसरीच्या वर्गात पट्ट्यांवरची शाब्दिक उदाहरणं : आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये तिसरीच्या मुलांना फळ्यावर गणित घातलं : जहाजात 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? फ्रान्समध्ये ग्रेनोबलला 1980च्या आसपास हाच प्रश्न 97 मुलांना विचारला होता. त्यातल्या 76 जणांनी वय काढून दिलं होतं. माझ्याही 22 मुलांपैकी बहुतेकांनी 36 लिहून खाली दोन रेघा मारल्या. राग मुलांचा आला नाही. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, हे इतकी वर्षं मीच शिकवत आले होते.

म्हणून सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत 1980च्या दशकात रुळलेली पट्ट्यांची पद्धत घेतली. आधी वस्तू हाताळायची, मग चित्र, मग अंक. गणितातली प्रत्येक संख्या म्हणजे एक आडवी पट्टी. खर्च शून्य, जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं कापली.

खरा फरक पडला तो तुलनेच्या गणितांत. 'मीनाकडे 12 बोरं आहेत. ती राजूच्या बोरांपेक्षा 5ने जास्त आहेत. राजूकडे किती?' पूर्वी 'जास्त' वाचलं की उत्तर 17 ठरलेलं. दिवाळीनंतर एका मुलानं दोन पट्ट्या बाकावर एकीखाली एक ठेवल्या. लांब कुणाची, यावरून शेजारणीशी भांडला, गणित परत वाचलं, मग मीनाच्या पट्टीचं टोक दुमडलं. दोन्ही सारख्या झाल्यावर ओरडला, "बाई, राजूची सातच की!" "अधिक करू का वजा?" हा रोजचा प्रश्न त्यानं विचारलाच नाही.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 साली गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : समजून घेणं, आखणी, सोडवणं, मागे वळून पाहणं. चौथी मी कायम गाळायचे. आता उत्तर गोष्टीत घालून परत मोठ्यानं वाचायला लावते. निम्म्या चुका मुलं तिथंच स्वतः पकडतात.

अडचणीही सांगते. तासाला पाच गणितं व्हायची, आता दोन होतात. पालक वही उघडून विचारतात, "बाई, एवढंच घेतलंत?" त्यांना बसवून समजवावं लागतं. मुलं 125ची पट्टी 25च्या नेमकी पाचपट हवी म्हणून मोजत बसली. अंदाजानं चालतं हे पटायला दोन आठवडे गेले. '20 लाडू, प्रत्येकी 4, तर किती मुलांना पुरतील?' यात पट्टीचे तुकडे किती पाडायचे तेच ठाऊक नसतं, तिथं मी चिंचोक्यांकडेच परत गेले. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला पट्टीचा उपयोग नाही. त्याच्याकडून गोष्ट आधी त्याच्या बोलीत वदवून घ्यावी लागते. सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा, असं माझं आता ठाम मत आहे.

फेब्रुवारीत परत विचारलं : एसटीत 31 माणसं, 4 कोंबड्या, कंडक्टरचं वय किती? सात-आठ जणांनी 35 लिहिलंच. एक मुलगी मात्र पट्टी हातात धरून उभी राहिली. "बाई, कंडक्टरची पट्टी कशाला लावू? त्याचं काही सांगितलंच नाही." त्या सात-आठ जणांसाठी मी या आठवड्यापासून आकडेच नसलेली गणितं सांगायला घेतली आहेत.